लेंगीचा फेर आणि आपले आरोग्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)





मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस निरोप धाडला तो असा की, "गुरुजी, यंदा आरोग्यावर चार शब्द बोला." मधुमेह, रक्तदाब, पथ्यपाणी यांवर आम्ही बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु ते काम डॉक्टरमंडळींचे. त्यांनी दर वर्षी सांगावे आणि आपण दर वर्षी विसरावे, हा क्रम सुरळीत चालू आहे. त्यात आम्ही ढवळाढवळ करीत नाही. आम्ही आज नाचण्याविषयी बोलणार आहोत. पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडलेल्या आम्हांस येथूनच दिसत आहेत. तथापि आम्ही चित्रपटातील किंवा रंगमंचावरील नाचाविषयी बोलत नाही. होळीला तांड्याच्या मधोमध लेंगी गात जो फेर धरला जातो, श्रावणात तीजेच्या टोपलीभोवती आपल्या मुली ज्या फेरात उभ्या राहतात, त्या नाचाविषयी बोलत आहोत.

पांढऱ्या केसांच्या मास्तराने नाचाची तरफदारी करावी, हे कोणास विपरीत वाटेल. त्याचे कारण आमच्या हातून घडलेला एक अपराध आहे. तो प्रथम सांगितल्यावाचून पुढे बोलणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आमची पिढी शाळेत गेली ती कै. वसंतराव नाईकसाहेब मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९६३ ते १९७५ या काळात. पुसद तालुक्यातील गहुलीचा माणूस राज्याचा कारभार पाहतो, मग आपणही शिकलेच पाहिजे, अशी ईर्ष्या त्या वेळी तांड्यातांड्यांत होती. आम्ही मॅट्रिक झालो, मास्तरकी मिळाली. शाळेत इतर विषयांबरोबर लेझीमही शिकवू लागलो. हलगीच्या ठेक्यावर एक पाऊल पुढे, एक मागे, कमरेत वाक, पुन्हा ताठ, मग गिरकी. याला आम्ही शारीरिक शिक्षण म्हणत असू. तपासणीस आलेले साहेबही लेझीम पाहून शाबासकी देत. आपल्या शेजारी अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही संस्था १९१४ पासून आहे. तिच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. हे आम्ही मुलांस अभिमानाने सांगत असू.

अशातच एका वर्षी होळीच्या सणास शाळेतील आमचे सहकारी जेवावयास तांड्यावर आले. फेर रंगला होता. आमची याडी त्या वेळी पन्नाशी ओलांडलेली. अंगात फेट्या-कांचळी, डोईवर आरशांची ओढणी, आणि आवाज असा की अर्ध्या फेराने तिच्यामागून गावे. एका सहकाऱ्याने सहज विचारले, "यात आपल्या घरचे कोणी आहे काय?" आम्ही "नाही" म्हणालो. रात्री याडीस एवढेच सांगितले की, मुलगा आता मास्तर झाला आहे, तू फेरात जात जाऊ नकोस. ती वाद घालणारी नव्हती. पुढल्या होळीस ती गेली नाही. त्यानंतर कधीच गेली नाही. ओट्यावर बसून ऐके. पुढे गुडघे धरले, मग उठताना खांबाचा आधार लागू लागला, मग ओट्यावर येणेही थांबले. फेर सुटला म्हणूनच याडी खंगली, असे म्हणण्याइतका पुरावा आमच्यापाशी नाही. वय कोणास चुकले आहे? पण फेर सुटल्यावर तिला घराबाहेर बोलावणारे काही उरले नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. शाळेच्या पटांगणावर जो वाक, जी गिरकी आम्ही मुलांकडून घोटून घेत होतो, तीच याडी करीत होती. तिच्या हातात लेझीम नव्हती, एवढाच भेद.

आता त्या फेरात शरीराचे काय होते, ते पाहू. आम्ही वैद्य नव्हे. जे वाचले आणि जे पाहिले ते सांगतो.

नगाऱ्यावर काठी पडते, थाळीचा नाद उठतो. आरंभी लय संथ असते. पाऊल जमिनीवर सपाट पडते, कंबर वाकते, टाळी होते, मग अंग सरळ होऊन हात वर जातात. हळूहळू लय चढते. आधुनिक व्यायामशिक्षक ज्यास अंग गरम करणे म्हणतात, ते येथे गीताच्या पहिल्या चार फेऱ्यांतच उरकते. पोटरीचा स्नायू आवळतो आणि सैलावतो, तेव्हा पायांत साचलेले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. पायाच्या हाडांवर शरीराचा भार पुनःपुन्हा पडतो, आणि भार पडल्याने हाड टणक राहते. पन्नाशीनंतर ज्यांची हाडे ठिसूळ होऊ लागतात, त्या स्त्रियांस याचे महत्त्व फार. राबणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो. मधुमेहाच्या रोग्यास डॉक्टर जेवणानंतर चालावयास सांगतात ते याचसाठी.

परंतु सर्वांत मोलाची गोष्ट आम्हांस वेगळीच वाटते. फेरात शरीराचा तोल क्षणोक्षणी एका पायावरून दुसऱ्यावर जातो, आणि गिरकी घेताना कानाच्या आत असलेल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियास शिकवण मिळते. म्हातारपणी माणसास अंथरुणास खिळविणारी घटना बहुधा एकच असते: न्हाणीत किंवा उंबऱ्यावर पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायामही करावेत, असे सांगितले आहे. आमच्या दादीस त्या संघटनेचे नाव ठाऊक नव्हते. तीजेचे नऊ दिवस ती रोज नाचत असे.

श्वासाचेही पाहा. नाचत असताना बोलता येते पण गाता येत नाही, असा श्रम मध्यम समजावा, अशी एक साधी कसोटी डॉक्टर सांगतात. मग आपल्या बाया नाचता नाचता गातात कशा? त्याचे उत्तर फेराच्या रचनेतच आहे. अर्धा फेर ओळ उचलतो, तेव्हा उरलेला अर्धा दम घेतो. मग पाळी उलटते. ही सोय ज्या कोणा पूर्वज बाईने लावून दिली, तिला आमचा नमस्कार असो. आणि जाता जाता हेही सांगू, की पायांतले दागिने, हातांतले चुडे आणि आरशा-कवड्यांनी मढविलेला फेट्या यांचे वजन काही थोडे नसे. शहरांतील व्यायामशाळांत आज मनगटास आणि घोट्यास वजने बांधून घेण्याचे पैसे मोजावे लागतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो उपेक्षणीय नाही. दिवसभर रानात राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला? आम्हीही पूर्वी हेच म्हणत असू. पण कापूस वेचणारी बाई पाहा. कमरेला कापडाची झोळी, तीत वाढत जाणारे ओझे, आणि सकाळपासून सांजेपर्यंत एकाच अंगाने वाकणे. निंदणीस बसून सरकणे. ऊसतोडीस गेलेल्यांच्या डोईवर मोळी. या श्रमात शरीर एकाच दिशेने झिजते. वेग मुकादम ठरवितो, विश्रांती दुसऱ्याच्या मर्जीवर. नाचात जी कंबर वाकते तीच लगेच ताठ होते. जे हात दिवसभर खाली राबले ते वर जातात. कामात अंग खर्ची पडते, नाचात ते आपले आपल्याला परत मिळते. शिवाय राबणारी ती एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूस आमच्यासारखे पगारी लोक, दुकानदार आणि त्यांच्या गृहिणी आहेत. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर चालत. रेल्वेने ती लदेणी बंद पाडली. आता तांड्याच्या तोंडाशी डांबरी सडक आली, दारात नळ आला, अंगणात फटफटी उभी राहिली. हे सर्व हवेच होते. मात्र चालणे गेले, आणि साखरेची गोळी घराघरांतील फळीवर येऊन बसली.

आता मनाविषयी. येथे आम्ही जपून बोलणार आहोत.

आपल्या जिल्ह्याचे नाव बाहेर कशामुळे घेतले जाते, ते आपणांस ठाऊक आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी जीवन संपविले. त्यानंतर ही यादी थांबलेली नाही, आणि तीत आपल्या तांड्यांचीही नावे आहेत. नाचल्याने कर्ज फिटत नाही. कापसास भाव मिळत नाही, बोंडअळी मरत नाही. असे कोणी सांगू लागला तर त्यास व्यासपीठावरून खाली उतरवावे. ज्याचे मन खचले आहे, झोप उडाली आहे, जो 'आता काय उरले' अशी भाषा बोलू लागला आहे, त्यास तातडीने सरकारी दवाखान्यात न्यावे. १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य चालते आणि मराठीतून बोलता येते. हे आधी. नाच त्यानंतर.

परंतु त्यानंतर तरी नाच हवाच, असे आम्ही का म्हणतो? ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्राझील देशातील माराजो बेटावर शाळकरी मुलामुलींवर एक प्रयोग केला; तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. २६४ मुले होती. त्यांच्या लहान लहान तुकड्या केल्या. काही तुकड्या एकाच तालावर एकसारख्या हालचाली करीत, तर काहींतील मुले आपापली निरनिराळी. काहींनी उभ्याने जोरकस नाच केला, काहींनी बसून नुसते हात हालविले. प्रयोगापूर्वी व नंतर दंडास रक्तदाबाचा पट्टा आवळून, कोण किती कळ सोसतो ते मोजले. जोरकस नाचणाऱ्यांची सोसण्याची शक्ती वाढली, यात नवल नाही. पण एकसाथ पावले टाकणाऱ्यांचीही ती स्वतंत्रपणे वाढली, आणि आपल्या सोबत्यांविषयी जवळीकही अधिक वाटू लागली. आपली लेंगी दोन्ही गोष्टी एकदम करते: जोरही आहे आणि साथही आहे. पुढे २०२४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात, नैराश्यावर व्यायामाचा काय परिणाम होतो याविषयीच्या २१८ प्रयोगांचा एकत्र आढावा आला. चालणे, धावणे, योगासने आणि ताकदीचे व्यायाम यांनी गुण येतो असे त्यात दिसलेच. नाचाचा गुणही मोठा दिसला. मात्र नाचाचे प्रयोग संख्येने थोडे, म्हणून त्यावर बेताने विसंबावे, असे लेखकांनीच बजावले आहे. आम्हीही तेच बजावतो.

पुस्तकातले झाले. आता पाहिलेले सांगतो. आमच्या शेजारच्या तांड्यातील एका भगिनीचा पती असाच गेला. नाव सांगण्याचे कारण नाही. दोन होळ्या ती दाराआड बसून राहिली. तिसऱ्या होळीस तांड्यातील एक म्हातारी दादी काही न बोलता तिच्या दारात गेली, मनगट धरून तिला घेऊन आली आणि फेरात स्वतःच्या व आपल्या सुनेच्या मध्ये उभे केले. त्या भगिनीने गीत म्हटले नाही. नुसती पावले टाकीत राहिली, आणि मग तेथेच रडू लागली. फेर थांबला नाही, रडत रडत ती फिरत राहिली. पुढे एकदा ती आम्हांस म्हणाली, "गुरुजी, दोन वर्षांनी अंगाला माणसाचा हात लागला." मुलीच्या पाठवणीस ढावलो गाऊन रडणारा हा समाज, दुःख एकट्याने गिळावे, असे आपल्या रीतीत कोठे लिहिले आहे?

येथे पुरुषमंडळींस एक कडू शब्द बोलावा लागतो. या जिल्ह्यात विष घेणाऱ्यांत पुरुष अधिक. आणि फेरात पाहावे तर पुरुष एक तर हाताची घडी घालून कडेला उभा असतो, नाहीतर दारू पिऊन मध्ये शिरतो. शुद्धीवर असलेल्या पुरुषास नाचण्याची लाज वाटते; पिऊन लोळण्याची वाटत नाही. गेऱ्यांचा तो जुना पुरुषी फेर, काठ्यांच्या ठेक्यावरचा, आमच्या बापूंच्या पिढीने शुद्धीवर राहून केलेला आम्ही पाहिला आहे.

स्मरणशक्तीविषयी थोडेच सांगतो. न्यूयॉर्क येथे ७५ वर्षांवरील ४६९ वृद्धांवर सरासरी पाच वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन यांबरोबर स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. शारीरिक प्रकारांत मात्र ते केवळ नाच करणाऱ्यांत कमी आढळले. नाचाने रोग टळला, की ज्यांचा मेंदू शाबूत होता तेच नाचत राहिले, हे त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. परंतु ज्या बाईस सही करता येत नव्हती, तिला रात्रभर पुरतील इतकी गीते तोंडपाठ असत, आणि कोणत्या ओळीस कोणते पाऊल, हे ती चुकत नसे. आम्ही मुलांकडून पाढे पाठ करवून घेतले. आमच्या याडीच्या विद्येस विद्या म्हणावयाचे सुचले नाही.

मग हे सर्व आपण गमावले कसे? नाच बंद झाला, असे नाही. उलट नाच वाढला आहे. पुढारी आले की स्वागतास फेट्या-कांचळी घालून मुली उभ्या करतात. शाळांच्या संमेलनांत लेंगी असते, स्पर्धांत असते. पोहरादेवीस आपल्या समाजाच्या वारशाचे भव्य संग्रहालय झाले आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. समाजास त्याचा अभिमान आहे, आम्हांसही आहे. परंतु दहा मुली नाचतात आणि हजार माणसे खुर्च्यांत बसून पाहतात, तेव्हा आरोग्य त्या दहांचे सुधारते, हजारांचे नव्हे. फेरास पूर्वी प्रेक्षकच नसत. जो आला तो आत उभा राहिला. म्हातारी संथ, पोर उड्या मारीत, कडेवरचे मूल कडेवरच.

लग्नाच्या वरातीतील डीजेविषयी फार बोलत नाही. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घालून दिली आहे. ती पाळलेली वरात कोणी पाहिली असल्यास आम्हांस कळवावे. कानठळ्या बसविणाऱ्या त्या भिंतीपुढे गीत म्हणता येत नाही, शेजारणीचा आवाज ऐकू येत नाही, आणि वृद्धांच्या छातीत धडधड होते ती वेगळीच.

परंतु फेरातून आपल्या लेकी-सुना खरोखर कशामुळे निघून गेल्या, हे आम्ही त्यांनाच विचारले. पाच-सहा तांड्यांत उत्तर एकच आले: मोबाईल. कडेला उभा असलेला कोणी पोरगा चित्रण करतो, रात्रीत ते गावभर होते, खाली नको ते लिहिले जाते, आणि सकाळी सासरा विचारतो, "ही आपलीच सून ना?" सहकाऱ्याच्या एका प्रश्नाने आम्ही आमच्या याडीस घरी बसविले होते. आज तो प्रश्न हजार तोंडांनी विचारला जातो. म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक मागणी ठेवीत आहोत. होळीस आणि तीजेस फेराच्या जागी मोबाईल नेऊ नये, आणि त्याची जबाबदारी नायक-कारभाऱ्यांनी घ्यावी. वर्गणी काढावी लागत नाही, इमारत बांधावी लागत नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी, दिवेलागणीनंतर अर्धा तास, तांड्याच्या चौकात फेर धरावा. बक्षीस नको, पाहुणा नको, ध्वनिक्षेपक नको.

पथ्ये थोडी आहेत. ज्यास हृदयविकार आहे, छातीत दुखते, चक्कर येते, त्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून फेरात उतरू नये. गरोदर भगिनींनीही विचारून घ्यावे. गुडघे दुखणाऱ्याने उडी व गिरकी वगळून नुसते पाऊल टाकावे, आणि तेही न झाल्यास खाटेवर बसून टाळी धरावी. शक्य तोवर सिमेंटवर नाचू नये. मातीच्या अंगणाने पायांस जी साथ दिली ती सिमेंट देत नाही. भरल्या पोटी लगेच नाचू नये, आणि पिऊन तर मुळीच नाही.

भोजनास अद्याप अर्धा तास अवकाश आहे, असे चिटणीस खुणेने सांगत आहेत. तेव्हा पोटे रिकामीच आहेत. नगारा आणि थाळी मंडपाच्या मागे आणून ठेवण्याची व्यवस्था आम्ही सकाळीच केली आहे. होळी लांब आहे, म्हणून लेंगीच हवी असा आग्रह नाही. ज्या याडीच्या ओठी जे येईल ते तिने उचलावे. तरुणांनी खुर्च्या भिंतीकडे सरकवून घ्याव्यात. सर्वांनी आपापले मोबाईल या टेबलावर आणून ठेवावेत. राखणीस चिटणीस बसतील. आम्हांस बसता येणार नाही, आम्ही फेरात आहोत.